ओळंबा, गुण्या आणि सदिश

बारावीच्या गणितात सदिशांचे प्रकरण आले की चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांच्या कपाळावर आठी उमटते. आजवर संख्येला एकच प्रश्न विचारायची त्यांना सवय असते : किती? सदिशाला मात्र दोन प्रश्न विचारावे लागतात : किती आणि कोणीकडे? पाच किलो ज्वारी पाच किलोच असते; ती कोणत्या दिशेची, असे कोणी विचारीत नाही. पण निलंग्याहून पाच किलोमीटर चालत गेलो असे म्हटले, तर ऐकणारा लगेच म्हणेल, औशाच्या वाटेने की औरादच्या? ज्वारीचे वजन ही अदिश राशी झाली. चाललेली वाट ही सदिश. एवढे समजले की प्रकरणाचे दार उघडते. परंतु आत शिरल्यावर थोड्याच पानांनी एक उंबरठा येतो आणि तेथे बहुतेक जण अडखळतात. तो उंबरठा म्हणजे लंब सदिशांची उदाहरणे.

नियम तसा सोपा आहे. दोन सदिशांचे जोडीजोडीने घटक घ्यावेत, प्रत्येक जोडीचा गुणाकार करावा आणि ते गुणाकार मिळवावेत. बेरीज शून्य आली, की सदिश परस्परांना लंब, म्हणजे त्यांच्यातला कोन काटकोन. समजा, पहिल्या सदिशाचे घटक २, -३ आणि १ आहेत, दुसऱ्याचे ४, क आणि १ आहेत आणि दोघे परस्परांना लंब आहेत; तर क ची किंमत किती? दोन गुणिले चार आठ; उणे तीन गुणिले क म्हणजे उणे तीन क; एक गुणिले एक, एक. आठ, उणे तीन क आणि एक यांची बेरीज शून्य व्हायची, तर तीन क म्हणजे नऊ आणि क म्हणजे तीन. या गुणाकाराला अदिश गुणाकार म्हणतात, कारण दोन सदिश गुणूनही हाती येते ती दिशा नसलेली साधी संख्या. उत्तर काढायला दोन मिनिटे लागतात आणि परीक्षेत गुणही पुरे मिळतात. मात्र शून्यच का, हा प्रश्न त्या दोन मिनिटांत बसत नाही.

यजमानांच्या बदलीमुळे १९८९ साली आम्ही निलंग्याला आलो आणि तेथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवू लागले. लातूर जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. १९८२ पूर्वी हा सारा मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. पुढे ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर गाजला. भरपूर सराव, पुनःपुन्हा चाचण्या आणि गुणवत्ता यादीकडे लागलेले डोळे असे त्याचे रूप होते. त्या पद्धतीने खेड्यापाड्यांतील कितीतरी मुलांना डॉक्टर, इंजिनिअर केले. तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि सरावाच्या गर्दीत ‘का’ हा शब्द मागे राहतो, हेही तितकेच खरे.

आमच्या मुलांपुढे आणखी एक अडचण होती. दहावीपर्यंत ती मराठीतून शिकत. काटकोन, लंब, कर्ण हे शब्द त्यांच्या अंगवळणी पडलेले असत. अकरावीत विज्ञान शाखेला आली की एका जूनमध्ये सारी भाषाच बदले. लंब गेला आणि त्याच्या जागी परपेंडिक्युलर आला. काही दिवसांनी त्याच अर्थाने नॉर्मल आला. पुढे ऑर्थोगोनलही आला. मुलांना वाटे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अर्थ एक आणि नावे तीन, हे सांगायलाही कोणाला सवड नसे.

मी शब्दकोश घेऊन बसले, तेव्हा मला एक गंमत सापडली. परपेंडिक्युलर हा शब्द लॅटिन ‘पर्पेंडिक्युलुम’ पासून आला आहे. लॅटिन ही भाषा आपल्यातील ज्येष्ठांच्या कानांवरून लहानपणी मिस्सेत गेलेली आहेच. पर्पेंडिक्युलुम म्हणजे गवंड्याचा ओळंबा, दोरीला टांगलेले वजन. आणि नॉर्मल ज्या ‘नॉर्मा’ या शब्दापासून आला, तो नॉर्मा म्हणजे सुताराचा आणि गवंड्याचा गुण्या! ऑर्थोगोनल तेवढा ग्रीक. त्याचा अर्थ सरळसोट ‘उभा कोन’. आपला ‘लंब’ही संस्कृतातील लोंबण्याच्या धातूपासून आलेला. म्हणजे रोमचा गवंडी आणि निलंग्याचा गवंडी यांनी काटकोन ओळखला, तो एकाच रीतीने, एकाच अवजारांनी. विद्वानांनी ते शब्द उचलले आणि पुस्तकात ठेवले. पुस्तकातून ते पुन्हा गवंड्याच्या घरी आले, तेव्हा त्यांना तेथे कोणी ओळखेना.

हे मी वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा हसला. त्याचे वडील गवंडी होते. ओळंबा आणि गुण्या त्याने लिहावाचायला येण्याआधी हाताळले होते.

ती १९९३ सालची बारावीची तुकडी होती. त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे कमी असताना, जमीन हादरली. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन करून लोक दमून झोपले होते. किल्लारी आमच्या निलंग्याच्या पश्चिमेला, थोड्याच अंतरावर. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. त्या दिवसांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी आणखी लिहिणार नाही. एवढेच सांगते, की महाविद्यालय पुन्हा भरू लागले, तेव्हा मुले बाकांवर बसण्याआधी भिंतींकडे पाहत.

गवंड्याचा मुलगा बरेच दिवस आला नाही. तडे गेलेली घरे सावरायची होती, पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या, गवंड्यांना कामाची उसंत नव्हती. तो वडिलांच्या हाताखाली बिगारी म्हणून जात होता. दिवाळीनंतर तो एका संध्याकाळी माझ्या घरी आला. बुडालेला अभ्यास त्याला भरून काढायचा होता. लंब सदिशांची पाच उदाहरणे त्याने माझ्यासमोर सोडविली; पाचही बरोबर. मग वही मिटता मिटता त्याने विचारले, “मॅडम, काटकोन असला की उत्तर शून्य येतं. शून्य म्हणजे काहीच नाही. मग दोन भिंती काटकोनात उभ्या असल्या, तर त्यांच्यात काहीच नाही का?”

वीस-बावीस दिवस पडक्या भिंतींत काम केलेला मुलगा तो प्रश्न विचारीत होता. नियम पुन्हा सांगून त्याची बोळवण करण्यासारखा तो प्रश्न नव्हता.

मी आधी त्याला घागरीचे उदाहरण दिले. डोक्यावर घागर घेऊन बाई सपाट वाटेने विहिरीवरून घरी येते. घागरीचा भार खालच्या दिशेला, बाईची चाल आडवी. दोन दिशा परस्परांना लंब. म्हणून पदार्थविज्ञान म्हणते, त्या वाटेवर गुरुत्वाकर्षणाने केलेले कार्य शून्य. हे ऐकून आमच्या वर्गातील मुली नेहमी हसत. पाणी वाहून ज्यांची मान दुखते त्यांना हे शून्य कसे पटावे? पण शास्त्र बाईचे कष्ट शून्य म्हणत नाही. ते इतकेच म्हणते, की खाली ओढणाऱ्या बलाचा आडव्या चालीत काही हिस्सा नाही. ते तिला पुढेही ढकलीत नाही आणि मागेही खेचीत नाही. अदिश गुणाकाराचे शून्य म्हणजे ‘काहीच नाही’ असे नव्हे. ‘एकाचा दुसऱ्याच्या दिशेत वाटा नाही’ असे त्याचे वाचन आहे.

मग आम्ही भिंतीकडे वळलो. भिंत जन्मभर एकच काम करते : छपराचा आणि स्वतःचा भार खाली जमिनीत पोहोचविते. ती दिशा उभी. भूकंपाचा हेलकावा मुख्यतः आडवा. उभ्या भाराचा आडव्या दिशेत वाटा शून्य. म्हणून शंभर वर्षे भार वाहिलेली भिंत आडवा धक्काही सोशील, याची ग्वाही त्या शंभर वर्षांत नसते. आमच्या भागातील जुनी घरे दगड-मातीची, माळवदाची. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड. पण आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन थर वेगवेगळे उभे आणि मध्ये माती-गोट्यांची भर. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड क्वचितच. वर उन्हापासून बचाव करणारे मातीचे जड छप्पर. ज्या जाडीच्या भरवशावर लोक निर्धास्त झोपले, ती जाडी एकसंध नव्हती.

मी दोन पोस्टकार्डे घेतली. एक मेजावर उभे धरले. त्याच्या लांबीच्या दिशेने बोट लावून ढकलले, तर ते वाकले नाही. त्याच्या तोंडावर, म्हणजे पृष्ठाला काटकोनात, नुसती फुंकर घातली आणि ते आडवे झाले. भिंतीचेही असेच. लांबीच्या दिशेने आलेला धक्का ती पुष्कळ सोसते. तोंडावर काटकोनात आलेला धक्का तिला सोसत नाही. आता दोन पोस्टकार्डे काटकोनात, एकमेकांना नुसती टेकवून उभी केली. फुंकर मारली, दोन्ही पडली. शेवटी त्यांचा कोपरा चिकटपट्टीने जोडला. मग कोणत्याही बाजूने फुंकर मारली, तरी ती उभीच राहिली. जी दिशा एकीला पेलत नव्हती, ती दुसरीच्या लांबीची दिशा होती. तिरका धक्का आला, तर त्याचे दोन लंब घटक होतात आणि प्रत्येक भिंत आपल्या दिशेचा घटक उचलते.

“म्हणजे काटकोन आहे म्हणूनच एक दुसरीला धरते,” तो म्हणाला, “पण कोपरा बांधलेला पाहिजे.”

मी सांगण्यासारखे काही उरले नव्हते. पुढे भूकंपग्रस्त भागात घरे बांधताना दरवाजा-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरविण्यावर इंजिनिअर मंडळींनी भर दिला, तो याच कारणासाठी. तो पट्टा म्हणजे घराची चिकटपट्टी.

प्रश्न सुटला, पण त्याचे शिक्षण सुटण्याच्या बेतात होते. बोर्डाच्या परीक्षेचा अर्ज त्याने भरला नव्हता. मी त्याच्या वडिलांना भेटायला गेले. ते शांतपणे म्हणाले, “बाई, हाताला काम हाय तवर करून घ्यावं. परीक्षा काय, पुढल्या सालीबी येती.” त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते, घराची एक बाजू पडली होती आणि थंडी सुरू झाली होती. पण पुढच्या साली येणारी परीक्षा गरिबाच्या मुलासाठी सहसा येत नाही, हे मी अनेकदा पाहिले होते. वाद घालण्याऐवजी मी त्यांना एक विनंती केली : एका शनिवारी येऊन आमच्या वर्गाला काटकोन कसा आखतात, ते दाखवाल का? ते संकोचले. “आमचं गनित दोरीचं. त्यात काय शिकवायचं?” तरीही ते आले, धुतलेला सदरा, खांद्यावर पिशवी, पिशवीत दोरी, खुंट्या, टेप, गुण्या आणि थोडी फक्की.

मैदानावर त्यांनी खुंटी ठोकली, एका दोरीवर तीन फूट मोजले, दुसरीवर चार, आणि दोन टोकांतील अंतर पाच फूट भरेपर्यंत दुसरी दोरी सरकविली. “झाला काटकोन. पर घराला एवढं ल्हान माप घेऊ नये. सहा-आठ-दहा घ्यावं. ल्हान मापातली चूक भिंतीच्या टोकाला मोठी होती.” माझ्या पुस्तकात ही शेवटची गोष्ट नव्हती.

मग त्यांचा मुलगा पुढे झाला. त्याने फक्कीने दोन आस आखले. मूळ खुंटीपासून चार फूट पूर्वेला व दोन फूट उत्तरेला एक खुंटी ठोकली. एक फूट पश्चिमेला व दोन फूट उत्तरेला दुसरी. वडिलांना म्हणाला, “या दोन दोऱ्या काटकोनात आहेत. चार गुणिले उणे एक, उणे चार, दोन गुणिले दोन, चार, बेरीज शून्य.” वडिलांनी काही न बोलता मूळ खुंटीपाशी गुण्या लावला. तो नेमका बसला. त्यांनी पुन्हा लावला. मग दोन खुंट्यांमधले अंतर टेपने मोजले. बरोबर पाच फूट. “हितं तीन न्हाई, चार न्हाई,” ते म्हणाले, “तरी कोन कसा काय बसला?”

तेथेच फळा आणवून मुलाने त्यांना ते दाखविले. पहिल्या दोरीच्या लांबीचा वर्ग सोळा अधिक चार म्हणजे वीस. दुसरीचा एक अधिक चार म्हणजे पाच. समोरच्या बाजूचा पंचवीस. वीस आणि पाच पंचवीस : हाच पायथागोरसचा सिद्धांत. त्या त्रिकोणात समोरच्या बाजूचा वर्ग मांडताना अदिश गुणाकाराची दुप्पट वजा होत असते. ती शून्य असली, तरच दोन वर्गांची बेरीज तिसऱ्याशी जुळते. म्हणजे गवंड्याची दोरी जे सांगते, तेच हे शून्य सांगते. दोरीला तीन-चार-पाच अशी सोयीची मापे लागतात. शून्याला कोणतीही चालतात. आपल्याकडे यज्ञवेदी रचणाऱ्यांनी शुल्बसूत्रांत हेच दोरीचे गणित लिहून ठेवले होते. शुल्ब म्हणजे दोरीच. बौधायनाने तीन-चारच्या जोडीबरोबर बारा-पाच, पंधरा-आठ, सात-चोवीस अशा जोड्याही दिल्या आहेत.

त्या मैदानावर बाप मुलाकडे पाहत होता, ते पाहणे मला अजून आठवते. त्यात कौतुक होते, पण त्याहून अधिक काही होते. आपल्या हातातले ज्ञान मुलाच्या वहीत पोहोचले आहे आणि तेथून पुढे निघाले आहे, हे त्यांना कळले असावे. परीक्षेचा अर्ज भरला गेला. मुलगा फक्त रविवारी कामाला जाऊ लागला.

सदिशांच्या इतिहासातही अशीच एक शाळामास्तरांची कथा आहे. स्केलर आणि व्हेक्टर, म्हणजे आपले अदिश आणि सदिश, हे शब्द गणितात रूढ केले ते आयर्लंडच्या हॅमिल्टन यांनी. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिन शहराजवळ कालव्याकाठी फिरताना त्यांना आपले सूत्र सुचले आणि त्यांनी ते पुलाच्या दगडावर कोरले. त्यानंतर एकाच वर्षाने, १८४४ साली, स्टेटिन शहरातील हर्मान ग्रासमान या शिक्षकाने याच विषयावर एक मूलगामी ग्रंथ प्रसिद्ध केला. तो इतका अवघड आणि अनोळखी वाटला, की गणितज्ञांनी त्याकडे जवळपास पाठ फिरविली. ग्रासमान यांना विद्यापीठात जागा मिळाली नाही. ते शाळेतच शिकवीत राहिले. उतारवयात ते भाषांकडे वळले, संस्कृत शिकले, ऋग्वेदाचा जर्मन कोश त्यांनी रचला आणि ऋग्वेदाचे जर्मन भाषांतरही केले. १८७७ साली ते वारले. पुढे अमेरिकेतील गिब्ज आणि इंग्लंडमधील हेविसाइड यांनी सदिशांचे गणित आजच्या सुटसुटीत रूपात मांडले आणि ग्रासमान यांच्या ग्रंथाचे मोल जगाला उमगले. आज आपली मुले जे सोडवितात, त्याच्या मुळाशी एका शाळेतील शिक्षकाची उपेक्षित वही आहे, हे त्यांना एकदा तरी सांगावे.

तो मुलगा १९९४ साली बारावी झाला. इंजिनिअरिंगच्या पदवीला पुरतील एवढे गुण त्याला पडले नाहीत. लातूरला त्याने स्थापत्याची पदविका केली. आता तो पन्नाशीला टेकला आहे. बांधकामावर तो सारे काही हाताखालच्या लोकांवर सोपवितो. फक्त भिंतींचे कोपरे जेथे बांधले जातात, तेथे स्वतः जाऊन उभा राहतो. त्याचे वडील आज नाहीत.

तीन परस्परलंब दिशा घेतल्या, की अवकाशातील कोणत्याही बिंदूपर्यंत पोहोचता येते. लांबीचे काम रुंदी करू शकत नाही आणि रुंदीचे काम उंची करू शकत नाही. कोणाचा कोणात वाटा नाही. तरी तिघींपैकी एक काढून घेतली तर घर उभे राहत नाही, कागदावरचा नकाशा तेवढा उरतो. कुटुंबात बापाची दिशा एक, मुलाची दुसरी, हे पाहून आपण कष्टी होतो. दिशा निराळ्या असणे हा दोष नव्हे. कोपरा बांधलेला आहे की नाही, एवढे पाहावे.

आपल्या घरी अकरावी-बारावीचे मूल असेल आणि ते सदिशांपाशी अडले असेल, तर वाचकहो, शिकवणी लावण्याआधी एक करून पाहा. सुटीच्या दिवशी त्याला दोरी, टेप आणि तीन खुंट्या द्या. अंगणात काटकोन आखू द्या; सहा-आठ-दहाचा. मग त्याला हवे ते दोन लंब सदिश त्याच्याच वहीतून जमिनीवर उतरवू द्या. शेजारी एखादे गवंडी काम करीत असतील, तर त्यांना हाक मारा. चहा ठेवा. गुण्या त्यांच्याकडे असतोच.